लेबलावरची किंमत

थोरल्या साडूंच्या दिवाणखान्यात ठीक चार वाजता भिंतीवरची चिमुकली खिडकी फटकन उघडली, आतून एक लाकडी पक्षी बाहेर आला, चार वेळा ओरडला, मान लववून आत गेला, आणि सोफ्याच्या टोकाला बसलेल्या घड्याळजींच्या पोटात दुखायला लागलं.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. सासरेबुवा तर उठूनच उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, मान कशी हलवतो बघ!" आणि घड्याळजींची बायको, जिनं लग्नाला पंधरा वर्षं होऊनही नवऱ्याच्या दुकानातल्या एकाही घड्याळाकडे वेळ बघण्यापलीकडे लक्ष दिलं नव्हतं, ती गालावर हात ठेवून म्हणाली, "किती गोड हो, भावजी!"

हे 'किती गोड हो' घड्याळजींच्या अगदी वर्मी लागलं. साडूंनी गाडी घेतली असती, मोठा फ्रीज घेतला असता, तर घड्याळजी जळले असते, नाही असं नाही. पण ते जळणं रोजच्यातलं झालं असतं. घड्याळ हा त्यांचा प्रांत. चार फूट रुंदीच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून त्यांनी उभा जन्म काढला होता. सासरेबुवांच्या मनगटावरचं घड्याळ तीनदा गतप्राण झालं आणि तिन्ही वेळा घड्याळजींनी त्याला उठवून बसवलं. आणि आता घड्याळ बघायला सगळं सासर गोळा होणार कुठे, तर कापडाचं दुकान चालवणाऱ्या साडूच्या घरी! उद्या आपण यांच्या दुकानासमोर बसून टॉवेल विकायला लागलो तर चालेल का यांना?

"कुठून घेतलंत हो?" सासरेबुवांनी विचारलं.

"परदेशातून मागवलं. ऑनलाइन. थेट बनवणाऱ्याकडून."

"महागातलं असेल."

"किमतीचं काय घेऊन बसलात, मामा! हौसेला मोल नसतं," असं म्हणत थोरल्या साडूंनी शोकेसच्या वरच्या बाजूला नुसती एक नजर टाकली. त्यांच्यामागोमाग सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या. तिथे घड्याळाचं रिकामं खोकं ऐटीत उभं होतं. खोक्याच्या मध्यावरून एक रुंद लाल रिबीन बांधली होती, आणि रिबिनीच्या बरोबर वर, परदेशी शिक्क्यांच्या गर्दीत, लेबलावर छापलेली किंमत कोणालाही वाचता यावी अशी दिसत होती. नऊशे. तेही परदेशी चलनात.

कापडवाल्याच्या घरी रिबिनींना काय तोटा, म्हणून त्या रिबिनीचं कोणाला काही वाटलं नाही. सासरेबुवांनी मनातल्या मनात नऊशेचा हिशेब आपल्या चलनात केला आणि ते हळूच पुन्हा खाली बसले.

घरी येताना घड्याळजी झपझप पुढे चालत होते. बायको म्हणाली, "भावजींना हौस आहे हो."

"आणि मला नाही?"

"तुम्हाला? स्वयंपाकघरातलं घड्याळ दोन वर्षं बंद आहे."

"करतो म्हटलं ना. वेळ मिळत नाही."

"घड्याळजीला वेळ मिळत नाही, हे बाहेर कुठे बोलू नका म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या घड्याळजींनी मोबाइलवर तोच बनवणारा शोधून काढला. साडूंचं घड्याळ त्याच्या यादीत सगळ्यात खाली होतं. यादीत नुसती चित्रं होती, चित्रावर बोट ठेवल्याशिवाय किंमत दिसत नव्हती. घड्याळजींनी यादी वर सरकवत नेली आणि एका घड्याळापाशी त्यांचं बोट थांबलं. दोन पक्षी. खाली गोल गोल नाचणारं एक जोडपं. आणि बाजूला दर अर्ध्या तासानं ओंडक्यावर कुऱ्हाड मारणारा एक लाकूडतोड्या. घड्याळजींनी डोळे मिटून बायकोचा हात गालावर गेलेला पाहिला. मग डोळे उघडून किंमत पाहिली.

तीनशे. सवलतीत.

एखाद्या शहाण्या माणसाला आनंद झाला असता. घड्याळजींचं तोंड एवढंसं झालं. दोन पक्षी, जोडपं, लाकूडतोड्या, एवढा लवाजमा आणून शेवटी खोक्यावर काय, तर तीनशे? साडू वाचल्याशिवाय राहणार नाहीत. ते नुसते वाचणार नाहीत, मोठ्यानं वाचतील.

खूप विचार करून घड्याळजींनी पैसे भरले आणि मोबाइलच्या भाषांतराच्या मदतीनं बनवणाऱ्याला एक पत्र पाठवलं. 'महोदय, आपली कारागिरी पाहून आनंद झाला. एक नम्र विनंती आहे. पार्सलच्या लेबलावर किंमत तीनशेऐवजी अठराशे लिहावी. कारण कौटुंबिक आहे.' संध्याकाळी लांबलचक उत्तर आलं. घड्याळजींनी पहिल्या ओळीचं भाषांतर केलं. 'आनंदाने लिहू.' तेवढं त्यांना पुरेसं होतं. बाकीचं आभारप्रदर्शन असणार, असं समजून त्यांनी दुकान बंद केलं.

जगभरातली माणसं परदेशातून वस्तू मागवताना किंमत कमी लिहा म्हणून विक्रेत्याच्या विनवण्या करतात, कारण कस्टमची ड्यूटी लेबलावरच्या किमतीवर लागते. ही गोष्ट घड्याळजींना माहीत नव्हती असं नाही. पण मत्सर माणसाच्या डोक्यात शिरला की आधी तिथली माहिती बाहेर काढतो. आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते एवढ्यावरच थांबलं नाही. त्याच रात्री जेवताना त्यांनी सासरी फोन लावला आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना घरी बोलावून टाकलं.

"विशेष काय?" सासरेबुवांनी विचारलं.

"विशेष काही नाही, मामा. एक घड्याळ येतंय परदेशातून. अठराशेचं."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. ती ऐकताना घड्याळजींना दोन घास जास्त गेले.

तीन आठवड्यांनी घड्याळ आलं नाही, त्याच्याऐवजी नोटीस आली. ती वाचताना घड्याळजींनी आधी साधा चष्मा लावला, मग भिंग लावलं, तरी आकडा तोच राहिला. आधी अठराशेवर आणि प्रवासखर्चावर ड्यूटी. मग किंमत, प्रवासखर्च आणि ड्यूटी मिळून जे होईल त्यावर कर. मग हे सगळं मोजण्याचे कष्ट घेतल्याबद्दल कुरिअर कंपनीची फी. आणि रक्कम भरून माल नेईपर्यंत गोदामाचं रोजचं भाडं. एकूण बेरीज घड्याळाच्या खऱ्या किमतीच्या दुपटीहून जास्त होत होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण ज्यानं केली त्यानं नक्की परदेशातून काहीतरी मागवलं असणार.

"काय आलंय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. जाहिरात आहे," म्हणत घड्याळजींनी नोटीस खिशात कोंबली.

सोमवारी दुकानाला कुलूप लावून ते पार्सल कार्यालयात गेले. ट्यूबलाइटचा उजेड, लाकडी बाकं, काचेमागे एक अधिकारी बाई, आणि काचेपुढे पंधरा माणसांची रांग. घड्याळजींचा नंबर आला तेव्हा त्यांच्यामागे अजून दहा जण होते आणि दहाही जणांना दुसरं काही काम नव्हतं.

"मॅडम, या नोटिशीत चूक आहे. माझ्या घड्याळाची किंमत अठराशे नाही, तीनशे आहे."

बाईंनी वर न बघताच उसासा सोडला. "सगळे हेच म्हणतात. लेबलावर काय आहे?"

"अठराशे. पण ते खोटं आहे. हे बघा, मी तीनशेच भरले, त्याची पावती."

बाईंनी पावती पाहिली. लेबलाची प्रत पाहिली. मग पहिल्यांदाच घड्याळजींकडे पाहिलं. "विक्रेत्यानं सहापट का लिहिली?"

"मी सांगितलं म्हणून."

रांगेतली कुजबुज थांबली.

"तुम्ही," बाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "किंमत वाढवून लिहायला सांगितली?"

"हो. कारण कौटुंबिक आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, काका, किंमत कमी लिहिली तर काय करायचं, याचं आमच्याकडे एवढं जाड पुस्तक आहे. जास्त लिहिणाऱ्याचं काय करायचं, याची त्यात एक ओळ नाही. असं कोणी करेल असं नियम करणाऱ्याच्या मनातच आलं नसणार. मला तर संशय येतोय. पावती तरी खरी कशावरून? एखाद्या तज्ज्ञाचा दाखला आणा, घड्याळाची खरी किंमत काय त्याचा. आमच्या यादीतलाच माणूस पाहिजे." त्यांनी खणातून एक वही काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "घड्याळांचा एकच तज्ज्ञ आहे. लिहून घ्या पत्ता. जुन्या चौकातून आत, पिठाच्या गिरणीशेजारचं दुकान..."

"मॅडम, तो मीच."

"काय?"

"बारा वर्षांपूर्वी तुमच्या कचेरीतनं येऊन लिहून नेलं होतं. नंतर कोणी बोलावलंच नाही."

मागून कोणीतरी फसकन हसलं. बाईंनी वही मिटली. "म्हणजे तुम्ही मागवलेल्या घड्याळाला तुम्हीच दाखला देणार. नको. विक्रेत्याचं पत्र आहे का, किंमत वाढवल्याचं?"

घड्याळजींनी मोबाइल काचेखालून आत सरकवला. बाईंनी ते लांबलचक उत्तर पूर्ण भाषांतरित केलं आणि, कार्यालयात वाचायची सवय असल्यामुळे, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "'आनंदाने लिहू. आपल्या गावाहून आलेली ही अशी दुसरी विनंती आहे. चार महिन्यांपूर्वी एका सद्गृहस्थांनी अडीचशेच्या घड्याळावर नऊशे लिहून घेतले. त्यांचेही कारण कौटुंबिक होते. आपल्याकडची कुटुंबे कशी असतात, याचे आम्हाला फार कुतूहल वाटते.'"

नऊशे! घड्याळजींनी काचेचा काठ धरला.

"थांबा," बाई म्हणाल्या, "आठवलं मला. ते इथेच उभे होते. रडवेले झाले होते अगदी. त्यांची खरी किंमत मान्य करून आम्ही लेखी आदेश दिला होता. त्या आदेशाची सही-शिक्क्याची प्रत आणलीत, तर तोच आधार धरून तुमचंही काम होईल. विक्रेता एकच, गंमत एकच."

"कोण हो ते गृहस्थ?"

"नाव सांगता येत नाही. नियम आहे." मग घड्याळजींच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना दया आली असावी. "कापडाचं दुकान आहे, एवढंच सांगते."

घड्याळजी कार्यालयाच्या पायऱ्या उतरले ते जवळजवळ उड्या मारत. ड्यूटी, फी, गोदामाचं भाडं सगळं विसरले. अडीचशे! नऊशेचा तोरा मिरवणारं ते घड्याळ अडीचशेचं! म्हणजे खऱ्या किमतीतही आपलंच पन्नासनं जास्त! गेला महिनाभर पोटात ठाण मांडून बसलेलं दुखणं एका क्षणात थांबलं. आता फक्त साडूंच्या घरी जायचं, सोफ्यावर बसायचं आणि शांतपणे म्हणायचं, 'अडीचशेला चांगलं मिळालं हो तुम्हाला.' संध्याकाळी साडूंच्या दाराची बेल वाजवेपर्यंत त्यांनी हे वाक्य वीसेक वेळा घोळवून पाहिलं.

मेव्हणीनं दार उघडलं, "बसा, आलेच," म्हणाली आणि आत गेली. थोरले साडू दिवाणखान्यात स्टुलावर उभे होते. घड्याळजींना पाहून ते दचकले आणि दोन्ही हात पसरून घड्याळाच्या पुढे आडवे झाले.

"साडूभाऊ! असे अचानक?"

"बाजूला व्हा बरं जरा."

साडू बाजूला झाले. चिमुकली खिडकी अर्धवट उघडी होती आणि तिच्यात पक्षी अडकला होता. चोच बाहेर, अंग आत.

"झोपलाय," साडू म्हणाले.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले." साडूंनी खाली बघितलं. "दुसऱ्या कोणाला दाखवलं असतं, तर तुमच्या कानावर गेलं असतं. आणि तुम्हाला कोणत्या तोंडानं बोलवू?"

घोळवून ठेवलेलं वाक्य घड्याळजींच्या जिभेवर आलं होतं. पण बिघडलेलं घड्याळ समोर असताना त्यांना दुसरं काही बोलता येत नसे. "पाहुणे आले की पक्षी दाखवायला काटा मागे फिरवत होतात ना?"

"एक-दोनदा. म्हणजे, रोज."

"घड्याळ पुढे न्यायचं असतं. मागे नेलं की आतली तार वाकते." खिशातून भिंग निघालं, छोटा स्क्रू-ड्रायव्हर निघाला, आणि घड्याळजी स्टुलावर चढले. आतले दोन इवलेसे भाते, आवाज काढणाऱ्या नळ्या, केसाएवढी तार पाहून ते क्षणभर सगळं विसरले. काय सुरेख काम होतं! त्या परक्या कारागिराचाही त्यांना हेवा वाटला, पण तो हेवा बरा वाटला. तार सरळ केल्यावर पक्षी सात वेळा ओरडला आणि मान लववून आत गेला. साडूंनी डोळे पुसले.

"आता एक काम माझं," घड्याळजी स्टुलावरूनच म्हणाले. "कस्टमचा आदेश द्या. अडीचशेचा."

साडूंचा चेहरा पांढराफटक पडला. ते शोकेसपाशी गेले आणि त्यांनी खोक्याची लाल रिबीन खाली सरकवली. छापलेल्या नऊशेच्या खाली लाल शाईत भलामोठा आकडा होता, 'खरी किंमत अडीचशे', आणि त्यावर सरकारी गोल शिक्का. आपलं ठेवावं झाकून, ते असं.

"कशासाठी केलंत हे?" घड्याळजींनी विचारलं.

"कशासाठी म्हणजे? दर रविवारी मामांचं एकच. धाकट्या जावयाच्या हातात कसब आहे, धाकट्या जावयानं माझं घड्याळ जिवंत केलं. माझ्या हातात काय आहे, साडूभाऊ? मीटरपट्टी! वाटलं, एकदा तरी घड्याळावरनं माझं नाव निघू दे." साडू एकदम थांबले. "पण अडीचशे तुम्हाला कसं कळलं?"

घड्याळजींनी खिशातली नोटीस काढून पुढे केली. साडूंनी ती वाचली. अठराशेच्या आकड्यापाशी त्यांच्या मिशा थरथरल्या. मग ते हसायला लागले, आणि घड्याळजी रागवायचं ठरवत असतानाच त्यांनाही हसू फुटलं. दोघांनी एकमेकांच्या गळ्याची शपथ घेतली की ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. विशेषतः बायकांच्या कानावर तर नाहीच नाही. आतल्या खोलीत मेव्हणी कपड्यांच्या घड्या घालत होती. दार उघडं होतं, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आदेशाची प्रत मिळाली, बाईंनी खरी किंमत मान्य केली, ड्यूटी परवडेल इतकी उतरली, आणि शुक्रवारी घड्याळ घरी आलं. दोन्ही पक्षी ओरडले, जोडपं नाचलं, लाकूडतोड्यानं कुऱ्हाड मारली. रविवारी दुपारी घड्याळजी खोकं घेऊन कपाटासमोर उभे राहिले. लेबलावर 'अठराशे' झोकात छापलं होतं. त्याच्या बरोब्बर खाली लाल शाईत, 'खरी किंमत तीनशे', आणि गोल शिक्का. खोकं फेकावं, तर सासरेबुवा पहिला प्रश्न खोक्याचाच विचारणार. लेबल भिंतीकडे वळवून ठेवावं, तर साडूंच्या घरी ते दर्शनी बाजूनं उभं होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं.

"अगं," त्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात हाक मारली, "घरात एखादी रिबीन आहे का? जरा रुंद?"

बायको हात पुसत आली. तिनं खण उघडला आणि एक निळी रिबीन त्यांच्या हातात ठेवली. रुंद, नवीकोरी, इस्त्री केलेली.

"ही कुठून आली?"

"ताईनं मंगळवारीच पाठवली. लेबलाच्या मापाची कापलीय म्हणाली."

घड्याळजी खोक्यासकट खुर्चीवर बसले. "म्हणजे ताईंनी तुला सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? भावजींच्या वेळची लाल मीच दिली होती."

हे घड्याळजींच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. "म्हणजे ते अडीचशेचं आहे, हे तुला त्या दिवशीही ठाऊक होतं? मग गालावर हात ठेवून 'किती गोड हो, भावजी' म्हणालीस, ते काय होतं?"

"पक्ष्याला म्हणाले मी. भावजींना फक्त हाक मारली." ती हसली. "त्यासाठी एवढं सगळं केलंत? नोटीस लपवलीत, कचेरीत उभे राहिलात?"

घड्याळजींनी मान हलवली. खोटं बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"मला आधी विचारलं असतं, तर फुकटात झालं असतं," ती म्हणाली. "ते स्वयंपाकघरातलं घड्याळ खाली काढा. ते चालायला लागलं ना, की 'किती गोड हो' तुम्हाला म्हणेन."

चार वाजता सगळं सासर दिवाणखान्यात बसलं होतं. दोन्ही पक्षी बाहेर आले, सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, सासरेबुवांनी निळ्या रिबिनीच्या वर दिसणारे अठराशे वाचून मान डोलावली, आणि थोरले साडू खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळले.

"अरे, पण जावईबापू कुठे आहेत?" सासरेबुवांनी विचारलं.

जावईबापू स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसले होते. डोळ्याला भिंग होतं, पुढ्यात दोन वर्षं बंद पडलेलं घड्याळ उघडं पडलं होतं, आणि बाहेरच्या टाळ्यांकडे त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं.